पंचवीस टक्क्यांतली जागा

एका बाजूला बस गं भाचे, आणि हे पत्र मनातल्या मनात वाच, मोठ्यानं नको. तुझं एक चुकलंच. परवा बारशाला चार बायकांसमोर म्हणालीस, "मावशीला काय कमी, लेक शिक्षिका आहे." कौतुकानं बोललीस, कळतं मला. पण असं चारचौघांत बोलू नये बाई. का ते सांगते.

जावई गेल्यापासून लेक आणि नात मोशीला माझ्याजवळच राहतात, हे तुला ठाऊक आहे. नात सहा वर्षांची. खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा गरिबांच्या मुलांना फुकट असतात, त्यांची सोडत निघते. त्यात यंदा आमच्या पोरीचा नंबर लागला. घराजवळची मोठी शाळा, एरवी आम्ही तिच्या फाटकातही उभे राहिलो नसतो. मेसेज आला तेव्हा लेक गॅलरीत जाऊन रडली. समोरच्या घरातल्या मुलाचा नंबर मात्र लागला नाही. त्याची आई लातूरकडची, बाप चाकणला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. दोन्ही मुलं एका वयाची, एकाच जिन्यात खेळणारी.

आता माझी चूक ऐक. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मीच मिरवले होते. लेक रावेतच्या इंग्रजी शाळेत शिकवते. तिथं बायांना साडीवर निळा कोट घालावा लागतो. तो घालून ती स्कूटीवरून निघाली की बघत राहावं अशी दिसते. एकीनं विचारलं, "पगार चांगला असेल ना हो?" मी तिच्या हातात वाण ठेवत म्हणाले, "सरकारी शिक्षकांच्या तोडीचा आहे." का म्हणाले? तुझे काका हयात होते, कंपनीत पर्मनंट होते, तेव्हा कुणी पगार विचारला तर मी मान वर करून सांगायची. ती जुनी खोड. लेकीचा खरा पगार साडेआठ हजार, आणि मे महिन्यात शाळा बंद म्हणून तोही नाही. डी.एड. झालेल्या मुलीचा हा पगार कुठल्या तोंडानं सांगायचा? म्हणून खोटं सांगितलं. समोरची तेव्हा तिळगूळ खात माझ्या शेजारीच बसली होती.

शाळा सुरू होऊन दोनेक आठवडे झाले असतील. मी भाजी घेऊन जिना चढत होते. ती दारात उभी होती.

"मावशी, गरिबाच्या जागा आता कोट घालणाऱ्यांना मिळायल्यात म्हणं."

"कुणाबद्दल बोलतेस गं?"

"कुणाबद्दल न्हाई. आमच्या ह्यांनी तक्रार केलीय. घरी येऊन बघणार हायेत, कोण किती गरीब हाय ते."

असं म्हणून तिनं दार लावलं. मी पिशवी पायरीवर टेकवली. वांगी पिशवीतून घरंगळत खालच्या मजल्यावर गेली, ती वेचायला पुन्हा खाली उतरले.

उत्पन्नाचा दाखला आमच्याकडे होता, तहसीलचा, अगदी खरा. पण दाखला एक सांगतो आणि आजी दहा बायकांत दुसरंच सांगते, म्हटल्यावर माणूस कशावर विश्वास ठेवील? वर्ग सुरू झालेल्या पोरीला शाळेतून काढतील, या धास्तीनं मला अन्न गोड लागेना. खाली कुणाची अनोळखी गाडी थांबली की मी पडद्याआडून बघायची. लेकीला सांगायची हिंमत झाली नाही. सांगितलं असतं तर हळदीकुंकवाचंही सांगावं लागलं असतं.

आणि मग मी माझ्याच घराकडे परक्या माणसासारखी बघायला लागले. टीव्ही, मिक्सर, भिंतीवरचं मोठं घड्याळ, ती चाकांची बॅग. सगळं तुझ्या काकांना कंपनीनं दिवाळीला दिलेलं. दर वर्षी एक वस्तू. आम्ही विकत घेतलेलं त्यात काय आहे, तर काही नाही. पण वस्तूवर ते लिहिलेलं नसतं. गरीब दिसायचं तर घरात काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मिक्सर मी गव्हाच्या डब्यात घातला. घड्याळ काढलं. टीव्ही गोधडीत गुंडाळून कॉटखाली सरकवला. नातीला बसवून पढवलं, "कुणी विचारलं तर टीव्ही नाही म्हणायचं." लेकीला सांगितलं, भिंतीला ओल येतेय. तिनं भिंतीला हात लावून बघितला आणि माझ्याकडे बघितलं.

शनिवारी दुपारी एक बाई आल्या. हातात फाइल, पायात साधी चप्पल. सरकारी शाळेतल्या शिक्षिका होत्या, हे घरोघर फिरायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. लेक नुकतीच शाळेतून आलेली, कोट अजून अंगावरच. मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढं ठेवला.

त्यांनी कागद बघितले. मग भिंतीकडे बघितलं. टीव्हीच्या जागी रंगाचा चौकोन राहिला होता, आजूबाजूपेक्षा उजळ.

"टीव्ही दुरुस्तीला दिलाय का?"

मी तोंड उघडायच्या आत नात म्हणाली, "नाही, कॉटखाली झोपवलाय."

लेकीनं डोळे मिटले. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला उलट्या बाजूनं वाचता आलं नाही. अक्षरं मी मोठेपणी, लेकीच्याच पुस्तकावरून शिकले, सरळ वाचतानाही मला वेळ लागतो.

"पगार किती, मॅडम?" त्यांनी लेकीला विचारलं.

लेकीनं सांगितला. मे महिन्याचंही सांगितलं. बाई थोडा वेळ तिच्या कोटाकडे बघत राहिल्या.

मला राहवलं नाही. "तुम्हाला किती मिळतो हो?"

"तो सांगितला तर तुम्ही मला चहा द्यायच्या नाहीत, आजी," त्या म्हणाल्या. हसल्या, पण पाणीसुद्धा अर्धंच प्यायल्या. जाताना लेकीला म्हणाल्या, "पगाराचं तुमच्या शाळेकडून लेखी आणा. त्याशिवाय मला पुढं काही करता येणार नाही."

त्या गेल्यावर लेकीनं कॉटखालून टीव्ही ओढला, पुसला आणि जागेवर लावला. रागावली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी समोरची दारात आली. आमचं दार उघडं होतं तेव्हा तिनं सगळं ऐकलं होतं.

"मावशी, खरंच एवढाच पगार? ओव्हरटाइम धरून आमच्या ह्यांना दुप्पट मिळतोय की. मग त्या कोट कशाला घालतात?"

"शाळेचा नियम आहे. शिलाईसुद्धा पगारातून कापली."

ती चौकटीला टेकून उभी राहिली. "तुम्हीच म्हणला होता ना, सरकारीच्या तोडीचा म्हणून."

"म्हणाले होते."

"अर्ज आता मागं घेता येतोय का, ते ह्यांना बी ठाऊक न्हाई. मोबाइलवरनं टाकलाय." असं म्हणून ती गेली. तिच्यावर तरी काय रागवू? तिचा मुलगा गल्लीतल्या छोट्या शाळेत फी भरून जातो, आणि माझी नात त्याच्या समोरून मोठ्या शाळेच्या बसमध्ये चढते.

आता गोष्ट अडली आहे ती त्या लेखी कागदावर. लेकीच्या शाळेत एवढा कमी पगार कुणी कागदावर लिहून देत नाही. तिनं मागितला तर तिथल्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला नोकरी करायची आहे ना?" तिनं उद्या पुन्हा मागायचं ठरवलंय. कागद मिळाला तर तिची नोकरी राहील की नाही माहीत नाही. नाही मिळाला तर पोरीची शाळा जाईल. दोन्हींतलं काय मागावं देवाजवळ, ते मला सुचत नाही, म्हणून दिवा लावते आणि नुसती उभी राहते.

दुपारी चारपर्यंत मी घरात एकटी असते. फोनवर यातलं काही बोलता येत नाही, जिन्यात ऐकू जातं. तू ये. मुक्कामाला ये, या रविवारीच ये, तुझ्या आवडीची भरली वांगी करते.