कोंडवाड्याची झाली पागा

नागपूरच्या लकडगंजात जुन्या दारा-खिडक्यांचा धंदा मी शून्यातून उभा केला. पाडलेल्या घराचं सागवान कोणत्या भावात उचलायचं, हे मला कोणी शिकवलं नाही. भाव पाडायला बोललेलं खोटं मला चालतं. फुकटचं खोटं ऐकलं की डोकं तापतं.

नागपूरहून जंगलाकडे जाताना एक धरण लागतं. तिथे आता पर्यटकांना बोटीतून फिरवतात. मगरी, पाणकावळे, काठावरचे चितळ, आणि वरून थोडा इतिहास. त्याच पाण्याखाली आमचं गाव आहे. मी मायच्या अंगावर पीत होतो तेव्हा ते उठवलं. शेती करणारे वडील लकडगंजात आरा मशीनवर ओंडके वाहू लागले आणि त्यातच गेले. त्या पाण्यावर मौजेने फिरणाऱ्यांचा मला राग आहे आणि तो राहणार.

तरी गेल्या उन्हाळ्यात जावं लागलं, कारण मायने हट्ट धरला. गावाच्या वेशीवर मातामायचे दगड होते. चैत्रात बायका त्यांच्यावर घरचं पाणी घालत. गाव सुटल्यापासून मायच्या हातून ते राहिलं होतं. गुडघे पार गेलेले, त्यामुळे या खेपेला नाही तर कधीच नाही. घरच्या माठातलं पाणी तांब्यात भरून, वर फडकं बांधून ती बोटीत बसली. बुडालेल्या देवीला पाणी! पण मायसमोर माझं काही चालत नाही.

बोटीवर एक गाईड होता, हातात माईक घेतलेला. मगर दाखवून झाली. मग पाणी उतरल्यामुळे उघडी पडलेली एक दगडी भिंत आली.

"ही गोंड राजाच्या घोड्यांची पागा!" तो ओरडला. सगळ्यांचे मोबाइल वर झाले.

माय हसली. "पागा कायची गा? हा त आपला कोंडवाडा. तुह्या आज्याची म्हैस इथंच कोंडली होती. मातामाय याच्याच बाजूले."

मी उठून गाईडजवळ गेलो. "काहून खोटं सांगून राहिला बे? इथं गाव होतं."

त्याने माईक खाली घेतला. "काका, हळू बोला ना. मालकानंच असं सांगाले लावलं. कोंडवाडा पाहाले कोण येईन?"

"अन् गाव उठवलं ते?"

"लोकं उदास होतेत, काका. फिराले येतेत ते."

त्याला तिथेच पाण्यात ढकलावंसं वाटलं. पण गिऱ्हाइकाची गरज ओळखण्यात माझा जन्म गेला आहे. म्हटलं, "त्या भिंतीजवळ बोट थांबव. इंजिन बंद कर. मायले पाणी घालू दे."

"परमिशन नाही. मगरी हायेत."

"मग मी साऱ्यांले सांगतो, हा ढोरांचा कोंडवाडा आहे."

त्याने मागे पर्यटकांकडे पाहिलं. "थांबवतो. पण मी माईकवर काही बी सांगितलं तरी तोंड उघडाचं नाही."

"नाही उघडत." त्याच्या हातावर मी हात मारला. आमच्या बाजारात हातावर हात पडला की सौदा पक्का, मग नुकसान झालं तरी फिरायचं नाही.

बोट थांबली. मी मायची कंबर धरली. ती वाकली आणि तांब्यातलं पाणी बारीक धारेने सोडत काहीतरी पुटपुटू लागली. एवढ्यात माईक खरखरला.

"मंडळी, कॅमेरे काढा! इथं खाली राजाच्या राणीची समाधी हाये. राणीच्या वंशातली ही आजी आजही तिले पाणी घालाले येते!"

सगळी माणसं आमच्या बाजूला धावली. बोट कलली. तांब्या रिकामा होण्याआधीच एका बाईने मायला खेटून फोटो काढला. मी तोंड उघडलं, तर गाईडने मी हात मारलेला तळवा शांतपणे माझ्यासमोर धरला. मुदत न ठरवता मी कधी सौदा करत नाही. त्या दिवशी केला. बोट थांबेपर्यंतच गप्प राहीन, एवढं म्हणायला हवं होतं.

"हे काय बोलून राहिला गा तो?" मायने विचारलं. "अन् तू काहून गप्प?"

"सौदा झाला, माय."

"मी नाही केला," ती म्हणाली आणि फोटोवाल्या बाईकडे वळली. "राणी-बिणी कोणी नाही, बाई. मातामाय हाये. अन् हा आमच्या गावचा कोंडवाडा. म्हशी कोंडत इथं."

"अय्या, हो का, आजी?" बाईचे डोळे मोठे झाले. "राजाच्या म्हशी?"