हळद-चुन्याचा लेप कोर्टात जातो

गोडदेवच्या इंदुबाईला उभ्या जन्मात दोनच कामं धड आली. मिठागरात मीठ ओढायचं आणि मुक्या माराला हळद-चुना लावायचा. पहिलं मिठागरांबरोबर गेलं. दुसऱ्याने तिला म्हातारपणी ठाण्याच्या कोर्टात नेऊन बसवलं.

तिच्या चाळीत, शेजारच्या खोलीत केतन नावाचा भाडेकरू. इस्त्रीचा शर्ट, ऑफिसची बॅग, दिसला की "नमस्कार काकी". बायको वारलेली, पदरात सात वर्षांची अनुष्का. मधली भिंत एका विटेची, त्यामुळे इंदुबाईला आधी पट्टा ऐकू यायचा आणि मग पोरीचं रडणं. दोनदा तिने हटकलं, तर शिस्त लावतोय म्हणाला.

एका रविवारी दुपारी रडणं थांबलं, पट्टा थांबेना. इंदुबाईने पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि तीन घावांत केतनच्या दाराची कडी उखडली. पोर मोरीत पडलेली. ओठ फाटलेला, पाठ बकलाने सोललेली, रक्त पाण्यातून वाहत दारापर्यंत आलेलं. हा बाप तिच्या मनगटावर बूट रोवून उभा. हाड मोडलं तो आवाज इंदुबाईने कानांनी ऐकला. तिने वरवंटा त्याच्या गुडघ्यावर घातला. तो कोसळला, तशी पोरीला खांद्यावर टाकून ती बाहेर पडली.

इथवर सगळं बरोबर केलं. मग रिक्षा बोलवायच्या आधी तिने पोरीच्या पाठीवर आणि मनगटावर हळद-चुना जाड थापला. तिच्या सासूनेही तेच केलं असतं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, लेपाने कातडी भाजली आहे, वळ स्पष्ट दिसत नाहीत.

पोलिसांनी केतनला धरलं, पण तो जामिनावर सुटला. पोर खारीगावात तिच्या नीलममावशीकडे, आणि त्याने पोरीजवळ फिरकायचं नाही असा कोर्टाचा हुकूम. आता त्याच्या वकिलाने अर्ज टाकला की केस चालवूच नका, आत्ताच सोडून द्या. नीलमने समजावलं, अर्ज मंजूर झाला तर हुकूम जाईल आणि तो पोरीला घेऊन जाईल. इंदुबाईच्या मनाने एकच घेतलं. आपल्याच चुन्याने पोर परत त्या मोरीत जाणार.

सरकारी वकीलबाईंनी सांगितलं होतं, आजी, आज तुमचं काम नाही. तरी ती सकाळची बस धरून गेली.

केतनचा वकील म्हणाला, वळ कसले, चुन्याने भाजलंय. मनगट मोरीत घसरून मोडलं. मारकुटी तर ही म्हातारी आहे, माझ्या अशिलाचा गुडघा बघा. वर पोरीच्या शिकवणीच्या बाईंचं सर्टिफिकेटही काढलं, बाप फार प्रेमळ म्हणून.

इंदुबाई उठून उभी राहिली. "साहेब, चुना मी लावलाय. पण हात यानी मोडला. मी समोर व्हते."

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आजी, बसा. आज साक्ष नाही." मग वकिलाकडे वळल्या. "पोलिसांच्या कागदांवरून खटला चालवण्याइतका सबळ संशय दिसतो का, एवढंच मला आज बघायचंय. चुना की पट्टा, ते साक्षीपुराव्यात ठरेल. तुमचं सर्टिफिकेटही तेव्हाच दाखवा."

त्यांनी मनगटाच्या एक्स-रेचा कागद उलटला आणि पोरीचा जबाब वाचला. बाबा हातावर उभे राहिले. दहापर्यंत मोजायला लावलं. सातला मोडला.

मग कागद मिटून त्यांनी अर्ज फेटाळला. आरोप वाचून दाखवले, तेव्हा केतन गुन्हा कबूल नाही म्हणाला.

इंदुबाईला वाटलं, आता त्याला बेड्या घालतील. वकीलबाई म्हणाल्या, अहो, आत्ता कुठे केस उभी राहिली. तुम्हाला बोलावतील, पोरीलाही बोलावतील, आणि त्यांचा वकील तुम्हाला वरवंट्याचं खोदून खोदून विचारेल.

"इचारू दे की," इंदुबाई म्हणाली. "आनखी एक घातला असता. पोर उचलायची व्हती म्हणून ऱ्हायला."

पोरीला पुन्हा ते सगळं बोलावं लागणार, हे मात्र बसमध्ये तिला टोचत राहिलं.

खारीगावात अनुष्का सकाळपासून शाळेचे बूट घालून मागच्या दाराशी बसली होती. बाबा आले तर पळता यावं म्हणून, नीलम हळूच म्हणाली. इंदुबाई तिच्याजवळ फरशीवर टेकली. केस चालणार, तोवर तो इकडे येऊ शकत नाही, असं तिने दोनदा सांगितलं.

पोरीने ऐकून घेतलं. डाव्या हाताने एका बुटाची नाडी सोडली आणि तो बाजूला ठेवला. दुसरा पायातच राहू दिला.