अक्का बोलली तो रविवार

हेब्बाळच्या कंपनीतली रात्रपाळी संपवून मी सकाळी कुवेंपुनगरला घरी आले, तेव्हा आई नेसून तयार होती. त्या दिवशी शेजारच्या अक्काचं चर्चमध्ये प्रवचन होतं. "सुम्ने, उगीच झोपू नकोस आता, चल," आई म्हणाली. मी अंघोळ केली आणि अर्धवट झोपेतच तिच्यामागे निघाले. त्यामुळे ती सकाळ मला अजूनही धुक्यातून पाहिल्यासारखी आठवते.

अक्का शाळेत कन्नड शिकवते. दर शनिवारी चर्चची वेदी झाडायची आणि तिथे निशिगंध मांडायचा, हे कामही तिचंच. "वेदीपाशी झाडायला बाई चालते ग, बोलायला चालत नाही," असं ती हसत म्हणायची आणि माझं डोकं फिरायचं. त्यांच्या चर्चमध्ये वर्षातून एकदा महिला रविवार असतो. त्या दिवशी गाणी, वाचन, प्रार्थना सगळं बायकांकडे. प्रवचनाला मात्र बाहेरून कुणीतरी पुरुषच बोलवायचे. यंदा नव्या पास्टरांनी अक्कालाच बोलायला सांगितलं.

तिला आनंद झाला आणि धडकीही भरली. तिचे सासरे चर्चमधले सगळ्यांत जुने जाणते. "बाई व्यासपीठावर चढली की मी उठून जाणार," असं त्यांनी भर जेवणात सांगून टाकलं होतं. आदल्या संध्याकाळी अक्का आमच्या पायरीवर येऊन बसली. लोक काय वाटेल ते बोलू देत, म्हणाली, पण मावा उठून गेले तर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. सासऱ्यांना ती कन्नडात मावा म्हणते. मला त्या म्हाताऱ्याचा असा राग आला की काय सांगू.

आत गेलो तर मावा नेहमीची पुढची जागा सोडून दाराजवळच्या शेवटच्या बाकावर काठी धरून बसलेले. म्हणजे जायची तयारी करूनच आले होते. आम्ही त्यांच्याच ओळीत, अलीकडे बायकांच्या बाजूला बसलो. पंखे घरघरत होते, निशिगंधाचा वास येत होता. प्रार्थनेच्या वेळी सगळ्या बायकांनी डोक्यावर पदर घेतले, तसा आईनेही घेतला. रंगीत काचांतून आलेलं ऊन त्या पदरांवरून हळूहळू सरकत होतं. कन्नड गाणं सुरू झालं आणि माझे डोळे मिटले. आपण कुठे आहोत, कोणत्या देवाच्या घरी आहोत, काही कळेना. नुसते बायकांचे आवाज येत होते, जवळून, मग लांबून, आणि मला फार सुखात असल्यासारखं वाटत होतं.

काठी आपटल्याच्या आवाजाने मी जागी झाले. अक्का व्यासपीठावर उभी होती आणि इकडे मावा उठले होते. अक्काने त्यांना पाहिलं. तिचं तोंड उघडंच राहिलं, हात लाकडी कठड्यावर घट्ट. मग ती बोलू लागली, आधी चाचरत, मग वर्गात बोलते तशी. प्रभू मरणातून उठल्याची बातमी पहाटे पहिल्यांदा बायकांना कळली, म्हणाली. त्यांनी ती धावत येऊन सांगितली, तर पुरुषांना ती वायफळ बडबड वाटली. सांगणाऱ्या बाईवर विश्वास ठेवायला आपल्याला अजून किती वेळ लागणार आहे?

मावा गेले नाहीत. बसलेही नाहीत. सगळं प्रवचन होईपर्यंत ते काठीवर भार देऊन तसेच उभे राहिले. आई मात्र कीर्तनाला बसल्यासारखी रंगून माना डोलवत होती. मी तिला कोपराने ढोसलं, पण ती कुठली ऐकते!

उपासना संपल्यावर त्यांच्या रिवाजाप्रमाणे अक्का दारात उभी राहिली. लोक हात मिळवून बाहेर पडत होते. आमची पाळी आली तशी आई सरळ वाकली आणि अक्काच्या पाया पडली. वयाने इतकी मोठी बाई!

"अय्यो, बेडा अम्मा, नको!" अक्का मागे सरली. सगळी रांग थबकली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आमच्यात पाया पडत नाहीत," आमच्या मागून मावा कन्नडात गुरगुरले.

"आमच्यात पडतात," आई म्हणाली. "जो देवाचं सांगतो त्याच्या. तिथे वय बघत नाहीत."

मावांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढे केला. अक्काने आधी पदर सावरला, मग तो हात धरला. लग्न होऊन आल्यापासून तिने सासऱ्यांचा हात कधी हातात घेतला नव्हता.

"अर्धं मला पटलेलं नाही," ते म्हणाले. "पुन्हा कधी बोलणार आहेस?"

"पुढच्या वर्षी, मावा. महिला रविवारी."

"वर्षभर थांबू?" ते एकदम चिडले. "माझं वय काय, तू सांगतेस काय!"