गोचीडवाल्या बाई

आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या बाई फक्त गोचिडाला मान देत. “तो रक्त पितो, पण वर मार्गदर्शनाचं भाषण ठोकत नाही,” असं त्या स्टाफरूममध्ये, प्राचार्यांकडे बघत म्हणत.

दर रविवारी त्या राहुरीच्या पलीकडच्या माळावर पांढरं फडकं गवतातून ओढत फिरत. फडक्याला चिकटलेले गोचीड चिमट्याने उचलून बाटलीत टाकत. मी त्यांचा सहकारी, बाटल्या धरायला. एकदा एका मेंढपाळाने विचारलं, “बाई, ह्ये काय धुंडाळता?”

“यांच्या पोटात लाइम नावाच्या रोगाचा जंतू आहे का, ते बघते. माणसाला झाला तर अंगावर चट्टा उठतो, पुढे सांधे धरतात.”

“मंग घावला का?”

“नाही अजून.”

“न्हाई घावला तं लई बरं की वो!”

बाई खूश झाल्या. मला म्हणाल्या, “याला कळलं. तुम्हा डॉक्टरेटवाल्यांना कधी कळणार?”

तीन वर्षं काहीच सापडलं नाही. मग एका नमुन्यात जंतू दिसला. प्राचार्यांनी लगेच पत्रकार बोलावले, ‘भारतात प्रथमच’ असा फलक रंगवून घेतला. बाईंनी मात्र नमुना पुन्हा तपासला. काही नव्हतं. पहिल्या वेळी तुलनेसाठी ठेवलेल्या जंतूचा अंश आमच्याच टेबलावर नमुन्यात मिसळला होता.

“पहिला निकाल आलाय ना? मग दुसरा सांगायचा कशाला?” प्राचार्य म्हणाले. मला सगळं ठाऊक होतं. मी चहाच्या कपात बघत बसलो.

बाई पत्रकारांसमोर उभ्या राहिल्या. “जंतू सापडलेला नाही. चूक माझी. हा फलक मात्र माझा नाही.”

महिनाभरात संशोधन बंद झालं. प्रयोगशाळेची बैठकीची खोली होणार होती. बाईंनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेलो. “बाई, मीही बोलायला हवं होतं.”

“हवं होतं,” त्या म्हणाल्या. वर पाहिलंही नाही. “आता लेबलं लावा.”

मी बाटल्यांवर ठिकाण, तारीख आणि ‘जंतू नाही’ असं लिहीत बसलो. तेवढ्यात शिपाई आला. “साहेब म्हणत्यात, खोली आत्ताच्या आत्ता मोकळी करा. बाटल्या फेकून द्या.”

“साहेबांना सांग,” मी म्हणालो, “बाटल्या फेकल्या जाणार नाहीत. आणि लेबलं संपेपर्यंत खोलीही मिळणार नाही.”

शिपाई गेला. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“अरेच्चा,” त्या म्हणाल्या, “वाचा आहे की तुम्हाला!”