बघायला येणाऱ्या काकू

दिलेली वस्तू वापरात आहे का, हे बघायला काकू परत यायच्या. पेणजवळ जोह्याला त्यांचा गणपतींच्या मूर्तींचा कारखाना. माझी आई तिथे रंगकामाला, म्हणून आमच्या वाडीवर त्यांचं येणंजाणं. देणारे तसे पुष्कळ यायचे. ब्लँकेटं वाटायचे, फोटो काढून जायचे. परत येणाऱ्या एकट्या काकूच. वाडीला त्याचा रागही यायचा. "दिलंय ना, मग झडती कसली घेतात?"

एका पावसाळ्यात त्यांनी बायकांना गमबूट दिले, भातलावणीत साप चावू नये म्हणून. परत आल्या, तर आमच्या बुटांत मिरचीची रोपं.

"चिखलात बूट रुततो, काकू," आई म्हणाली. "पाय वर येतो, बूट तिथंच."

"मग आधी नाय का गो सांगायचं?"

"तुम्ही इचारलंत कुठं?"

काकू अंगणातच बसल्या. हसू आवरल्यावर म्हणाल्या, "बरं, आता इचारते. काय पायजे?"

"साप चावला तर पेणला न्यायाला गाडी. बोलावली की येनारी."

काकूंनी गावातल्या मिनीडोर रिक्षावाल्याला सांगून ठेवलं: वाडीचा फोन आला की निघायचं, भाडं मी देईन. एकटीला ते झेपेना, तेव्हा त्या बाकीच्या कारखानदारांकडे, ब्लँकेटवाल्या मंडळांकडे गेल्या. उपदेश केला नाही. आपल्या गमबुटांची गोष्ट सांगायच्या. लोक हसायचे, मग कुणीतरी पुटपुटायचं, "आमची ब्लँकेटं पण बकऱ्यांच्याच अंगावर असतील."

"चला, बघून येऊ," काकू म्हणायच्या. जे आले, त्यांनी पुढच्या वर्षी ब्लँकेटं आणली नाहीत. मिनीडोरचं भाडं वाटून घेतलं.

भाडं वाटून घेतलं त्याच वर्षीच्या पावसात आईला घोणस चावली. मिनीडोर आली, आई वाचली. काकू दवाखान्यात आल्या, पण आधी रिक्षावाल्याकडे गेल्या. "फोन आल्याबरोबर निघालास ना रे?" मग आईकडे. आई अजून ते ऐकवते.

मी आठवीत शाळा सोडली. आता गुजरातेत कंपनीत आहे. घरचा फोन लागला नाही की जीव खालीवर होतो. मिनीडोरसाठी मीही पैसे पाठवतो. काकू शेवटी शेवटी वरसे गावी लेकीकडे राहायच्या. फोनवर म्हणाल्या, "देतोस ते बरं हाय. बघायला कवा येतोस?"

"सुट्टी नाय मिळत, काकू."

"मग गाडी येते का नाय, तुला कसं कळतं?"

दिवाळीला येतो म्हणालो. त्याआधीच काकू गेल्या. आई सांगते, मिनीडोर अजून येते. मी अजून बघितलेली नाही.