ओळंबा मिस्त्रीचं स्वतःचं घर

त्याला सगळे ओळंबा मिस्त्री म्हणत. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. या माणसाच्या भिंतीला ओळंबा लावायची गरजच नाही, असं बाकीचे गवंडी अर्धं कौतुकानं आणि अर्धं जळफळून म्हणायचे. तीस वर्षं त्यानं लोकांची घरं बांधली आणि स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत काढली. पन्नाशी उलटल्यावर एकदाची त्याच्या स्वतःच्या जागेवर पाया आखणारी चुन्याची पांढरी रेघ पडली.

पण त्याआधीच्या वर्षी एक गोष्ट घडली होती आणि ती त्यानं घरी सांगितली नव्हती. एका इमारतीला तिसऱ्या मजल्यावर बाहेरून गिलावा करताना परांचीची दोरी सुटली, पायाखालची फळी गेली आणि तो खिडकीच्या गजाला एका हातानं लोंबकळत राहिला. लोकांनी आत ओढून घेईपर्यंत फार तर दोन मिनिटं गेली असतील. अंगावर ओरखडाही नव्हता. चहा प्याला, हसला, दुपारी परत कामाला लागला. दुसऱ्या दिवशी मात्र शिडीच्या चौथ्या पायरीवर पाय ठेवला आणि तो ठेवलाय की नाही हेच त्याला कळेना. तळहात घामानं निथळू लागले, समोरची भिंत अंगावर कलंडतेय असं वाटलं. "गुडघा धरला," असं सांगून तो खाली उतरला. तेव्हापासून तो गुडघा धरलेलाच होता. बायको रोज संध्याकाळी तेल कोमट करून चोळायची आणि तो डोळे मिटून कण्हायचा.

स्वतःच्या घराचं काम सुरू झालं तेव्हा त्याला वाटलं, घरचं काम आहे, आपोआप जाईल भीती. पाया खोदला तेव्हा तर तो जुनाच मिस्त्री होता. कमरेइतक्या खड्ड्यात उभा राहून त्यानं पहारीनं तळ ठोकून बघितला, मऊ लागलं तिथं आणखी हातभर खोल नेला, काँक्रीटचा थर पसरला, सळ्यांच्या जाळ्या बसवल्या. जमिनीच्या खाली त्याला कशाचंच भय नव्हतं. जोतं वर आलं, आत मुरूम भरून ठोकला, दाराच्या चौकटी उभ्या राहिल्या. बायको घमेली वाहत होती. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे मिस्त्रीचा मेहुणा, सेंटरिंगचा कारागीर होता. स्लॅब ओतायच्या आधी खालून फळ्या आणि टेकूंचा साचा उभा करायचं त्याचं काम. तो अधूनमधून येऊन विचारायचा, माझी पाळी कधी येणार? मिस्त्री म्हणायचा, येईल, घाई काय आहे. खरं तर घराला घाई होती. विटांचा प्रत्येक थर त्याला चार बोटं वर ढकलत होता.

भिंत छातीच्या वर गेली आणि परांची बांधावी लागली. फळी जमिनीपासून जेमतेम कमरेइतकी उंच. लहान मूलही तिच्यावरून उडी मारेल. मिस्त्री तिच्यावर चढला आणि त्याच्या पाचावर धारण बसली. खाली बघायचं नाही म्हणून त्यानं वर बघितलं, तर आभाळ फिरलं. शेवटी डोळे जवळजवळ मिटूनच, हाताच्या अंदाजानं, त्यानं दोन थर रचले. संध्याकाळी सगळे गेल्यावर ओळंबा सोडला. भिंत बोटभर बाहेर झुकली होती. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तो तिथंच मुरुमावर बसला. कोणी बघितलं तर काय, यापेक्षा त्याला दुसरीच भीती जास्त वाटत होती: आपण कुठं सरळ आणि कुठं वाकडे, हे आता आपल्याला कळत नाही. सकाळी उजाडायच्या सुमाराला येऊन त्यानं ते दोन थर पाडले, आणि पुढच्या कामाला ओळखीचा एक गवंडी बोलावला. बायकोला सांगितलं, गुडघा फारच वाढलाय.

स्लॅबचा दिवस आला. मेहुण्यानं फळ्या जुळवल्या, टेकू लावले, वर सळ्या बांधून झाल्या. सकाळी मिक्सर घरघरू लागला, माणसांची रांग शिडीवरून वर लागली आणि घमेली हातोहात चढू लागली. बायको वर, कडेला उभी राहून घमेली घेत होती. स्लॅब ओतताना खाली कोणीतरी थांबून टेकूंवर नजर ठेवावी लागते. ते काम मिस्त्रीनं आधीच मागून घेतलं होतं. कोणाला काही वावगं वाटलं नाही.

निम्मं काम झालं असेल. तो मागच्या खोलीत गेला आणि पायाखाली पचक झालं. मिक्सरजवळचं पिंप भरून वाहत होतं आणि ते पाणी भिंतीच्या कडेनं थेट आतल्या मुरुमात उतरत होतं. कोपऱ्यातल्या टेकूखालची पाचर निसटून बाजूला पडली होती. टेकू खचत होता. त्यानं वर बघितलं. दोन फळ्यांच्या फटीतून सिमेंटचं पाणी ठिबकत होतं आणि फट त्याच्या डोळ्यांदेखत रुंद होत होती. वरून पावलं वाजत होती, त्याच कोपऱ्याकडे येणारी.

तो ओरडला. मिक्सरच्या आवाजात त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. बाहेर येऊन हात हलवले, पण वर सगळ्यांच्या माना घमेल्यांकडे. मिक्सरवाला घराच्या पलीकडच्या बाजूला होता, तिथवर जाईपर्यंत वेळ नव्हता. शिडीवरची माणसं नेमकी उतरून रस्त्यापलीकडे पाणी प्यायला गेली होती. शिडी मोकळी होती.

तो चढला. कसा चढला ते त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही. चौथ्या पायरीला पाय कळेनासे झाले आणि तरी हात ओढत राहिले, एवढंच आठवत होतं. डोकं स्लॅबच्या कडेच्या वर आलं. समोर बायकोचा पाय होता, सिमेंटनं माखलेला, कोपऱ्याकडे वळलेला. त्यानं तो घोट्यापाशी घट्ट धरला. बोलायला गेला तर बोबडी वळली.

बायकोनं खाली बघितलं. नवऱ्याचा असला चेहरा तिनं कधी बघितला नव्हता. तिनं काही न विचारता हात वर केला आणि सगळ्यांना थांबवलं. मिक्सर बंद झाला. त्या शांततेत मिस्त्रीला वाचा फुटली. वर सळ्यांपाशी उभ्या असलेल्या मेहुण्याला तो म्हणाला,

"मागच्या खोलीतला कोपऱ्याचा टेकू खचला. खाली ओलं आहे. आधी फळी टाक, मग टेकू लाव."

मेहुणा पलीकडच्या बांबूवरून सरसर खाली उतरला, दोघं जण त्याच्यामागं धावले. आत हातोड्याचे घाव सुरू झाले. मिस्त्री मात्र शिडीवरच होता. त्याचा हात बायकोच्या घोट्यावरून सुटत नव्हता. खाली माणसं जमली होती, सगळी वर बघत होती.

बायको ओल्या काँक्रीटच्या कडेशी बसली. "गुडघा दुखतोय का?"

"गुडघ्याला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "मला भीती वाटते. वर्ष झालं."

तिनं त्याची बोटं एकेक करून घोट्यावरून सोडवली आणि शिडीला लावली. मग म्हणाली, "डावा पाय खाली घ्या. माझ्याकडे बघा." एकेक पायरी सांगत तिनं त्याला उतरवलं. जमिनीला पाय टेकले तसा तो भिंतीला टेकून बसला आणि मिक्सरवाल्यानं आणून दिलेलं पाणी प्यायला.

टेकू सावरला. जॅक लावून फळ्या परत पातळीत घेतल्या आणि तासाभरानं काम पुढं सुरू झालं. कोणी त्याला हसलं नाही. मेहुणा एवढंच म्हणाला, "दाजी, तुम्ही खाली नसता तर आज ताई नसती." मिस्त्रीला त्यानं बरं वाटलं नाही; तो उठला आणि सगळे टेकू पुन्हा एकेक करून ठोकून बघू लागला.

बायकोचा राग घरी गेल्यावर निघाला. "वर्षभर तेल चोळलं मी," ती म्हणाली. "माझी मनगटं दुखायला लागली. एकदा खरं बोलला असतात तर निदान तेल तरी वाचलं असतं." मग तिलाच हसू आलं, आणि हसता हसता रडू.

पुढचे तीन आठवडे काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून स्लॅबवर पाण्याची तळी करून ठेवली होती आणि मिस्त्री रोज खालून तो कोपरा बघत होता. टेकू काढायच्या दिवशी त्यानं सगळ्यांना घराबाहेर काढलं, बायकोला रस्त्यापलीकडे उभं केलं आणि मेहुण्याबरोबर स्वतः आत गेला. शेवटचा टेकू पडला. दोघं श्वास रोखून उभे राहिले. वर काहीच हललं नाही.

गिलावा त्यानं स्वतः केला, पण हात पोचेल तिथपर्यंतच. वरचं मेहुण्यानं, त्याच्याकडून शिकत शिकत, केलं. दोघांच्या हाताची घडण वेगळी, त्यामुळे घराला चहूबाजूंनी, डोक्याच्या थोडी वर, एक जोड दिसतो. रंगानं तो झाकता आला असता, पण मिस्त्रीनं झाकू दिला नाही. आता मिस्त्री फक्त पायाची कामं घेतो, जोत्यापर्यंत. वरचं का घेत नाही असं कोणी विचारलं तर तो सरळ सांगतो, मला भीती वाटते. काही लोक त्यावर दुसरा गवंडी बघतात. काही मात्र म्हणतात, मग पाया तुम्हीच घाला.