मागचा गिअर नवा, पुढचा जुना

गाडीतलं मला काही कळत नाही, असं आमच्या मालकांचं ठाम मत होतं. मालक म्हणजे माझे यजमान. गाडी मात्र रोज मीच चालवायचे. म्हसवड आणि आटपाडीच्या मधे आमचं गाव, गावाच्या डोक्यावर माळ, आणि माळावर माझे सासरे, मेंढरांसोबत एकटे. त्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्या. घरच्यांनी कितीदा सांगितलं, मेंढरं विका, खाली या. मामांचं एकच, वर पाणी येतंय तवर मी हितंच. ते पाणी न्यायचं काम आमच्या जुन्या फोर-व्हील गाडीचं, म्हणजे माझंच.

वाट म्हणजे नुसते धोंडे. गाडीचं पोट घासायचं म्हणून मालकांनी हौसेनं मोठे टायर टाकले. पोट वर उचललं, पण गाडीतला दम गेला. टायर मोठा झाला की चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त अंतर काटते, आणि तेवढाच तिचा चढावरचा जोर कमी होतो. हे मला कुणी सांगितलं नाही. क्लचचा जळका वास नाकात गेला तेव्हा माझं मला कळलं. पाण्याची पिंपं भरली की निम्म्या चढात गाडी मान टाकायची. मी वैतागून म्हटलं, एक तर टायर उतरवा, नाहीतर पिंपं डोक्यावर घेऊन तुम्हीच चढा.

आटपाडीच्या मिस्त्रीनं तोड काढली. दोन्ही एक्सलच्या आतले दात बदलायचे; इंजिन जास्त फिरणार, चाक कमी, की जोर परत येतो. त्या दातांच्या जोड्या, म्हणजे क्राऊन-पिनियन, मालकांनी सांगलीच्या जुन्या बाजारातून हुडकून आणल्या, एक पुढची, एक मागची. मिस्त्रीनं मागची बसवली आणि हात पुसले. कारण दुसऱ्या दिवशी अवस. आमच्याकडं अवसेला गवंडी थापी धरत नाही आणि मिस्त्री इंजिन उघडत नाही. वर मामांच्या पिंपांतलं पाणी तळाला गेलेलं, म्हणून मालक गाडी तशीच घेऊन आले.

अशी गाडी मागच्या चाकांवर खुशाल चालते. पण फोर-व्हीलचा दांडा ओढला की पुढची चाकं एका वेगानं जाऊ बघतात, मागची दुसऱ्या, आणि सगळा ताण आत कोंडतो. म्हणून मिस्त्रीनं त्या दांड्याला काळा दोरा गुंडाळून गच्च बांधून टाकला होता. हे मिस्त्रीला ठाऊक, मालकांना ठाऊक. मला सांगायचं कुणी? दोरा बघितला की कळंलच, असं मालक धरून चालले आणि सकाळच्या एसटीनं म्हसवडला कामावर गेले.

अवसेला आत्या गाडी पुजतात. जुनं लिंबू, जुना दोरा काढायचा, नवं लिंबू-मिरची-बिब्बा बांधायचा. जुनं काही अवसेच्या पुढं गाडीवर राहू द्यायचं नाही, हा त्यांचा नेम. त्या सकाळी त्यांनी बंपरचं काढलं, आत डोकावल्या, आणि दांड्यावरचा दोराही विळ्यानं कापून टाकला. मी आत भाकऱ्या करत होते.

दुपारी वरून फोन आला. पलीकडच्या माळावरचा मेंढका बोलत होता. कोकराला काढायला मामा दरडीवर चढले आणि तिथून पडले. मांडीचं हाड मोडलंय, पाय फिरलाय, शुद्ध येतीय-जातीय. मालकांना कळवलं; ते म्हणाले, मी अँब्युलन्स घेऊन सडकेवर येतो, तू त्यांना खाली आण. अँब्युलन्स त्या वाटेनं चढणं शक्यच नव्हतं. आत्या चप्पलसुद्धा न घालता गाडीत बसल्या.

चढ लागला तसा मी रोजच्या सवयीनं दांडा ओढला. गाडीनं ओढ घेतली, पण कशी? स्टिअरिंग हातात धरवेना, खालून हिसके, धोंड्यांवर टायर घासल्याचा आवाज. मला वाटलं, नव्या दातांचं असंच असंल. आत्या दार धरून देवाचं नाव घेत होत्या. कसंबसं आम्ही वर पोचलो. माथ्यावर सपाट खडक आहे. तिथं गाडी वळवायला गेले आणि जाग्यावर ठप्प. इंजिन बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. दांडा मागं ढकलला तर तसूभर हलेना. समोर घोंगड्यावर मामा पडलेले, तोंड पांढरंफटक, उशाशी तो फोन करणारा मेंढका. आणि त्यांना न्यायला आलेली गाडी जागची हलत नव्हती. मला रडू यायच्या आधी संताप आला.

माळावर रेंज चांगली असते. मालकांना फोन लावला, स्पीकरवर टाकला. काय झालं ते सांगितलं.

"अगं, पण दांडा ओढलासच कसा? त्याला दोरा बांधलेला हाय."

"कसला दोरा? काय न्हाई हितं."

आत्या खाली बसल्या. "सकाळी म्या कापला," एवढंच म्हणाल्या.

बोलायला मला पुष्कळ होतं, दोघांनाही. पण मामा कण्हले आणि सगळं गिळलं. मालक म्हणाले, पुढचं एक चाक जॅकवर उचल, जमीन सोडली की आतला ताण सुटंल. खडकावर जॅक घसरत होता. मेंढक्यानं धोंडे लावून तो धरला, मी जॅकची दांडी वरखाली करत राहिले. चाक सुटलं तसं खाड्कन आवाज करून उलटं फिरलं आणि थांबलं. मी आत हात घालून दांडा ढकलला. गेला.

मामांच्या पायाला काठ्या बांधून आम्ही तिघांनी त्यांना मागं आडवं केलं. मेंढका म्हणाला, माझी मेंढरं पलीकडं उघडी हायती, मला जायला पायजे. तो गेला. मी आत्यांना म्हटलं, बसा. त्या बसेनात. इथली मेंढरं कुणाच्या भरवशावर सोडायची, लांडगं हायती, तू जा. वाद घालायला वेळ नव्हता. त्यांच्याकडं न बघता मी पहिला गिअर टाकला.

उतारावर ब्रेकला पाय लावायची भीती वाटत होती. तशी गरजही पडली नाही. मागच्या नव्या दातांनी गाडी आवरून धरली होती, पिंपं कधी नेली नाहीत इतक्या हळू मामांना नेत होती. तरी प्रत्येक धोंड्याला ते ओरडत होते आणि मी, झालं मामा, आलंच, म्हणत खोटं बोलत होते.

सडकेवर अँब्युलन्स उभी होती. मामांना स्ट्रेचरवर घेतलं. मालक माझ्याकडं बघायला तयार नव्हते, बरंच झालं. दार लावायच्या वेळी मामांनी डोळे उघडले आणि इकडं तिकडं पाहिलं.

"ही कुठाय?"

"वर थांबल्यात. मेंढरांजवळ."

मला वाटलं, त्यांना बरं वाटंल. आयुष्यभर त्या मेंढरांपायी त्यांनी कुणाचं ऐकलं नव्हतं. मामांनी माझं मनगट धरलं. अंगात त्राण नव्हतं तरी जोरात धरलं.

"आज अवस हाय, पोरी. तिला अंधाराचं लय भ्या वाटतं. लगीन झाल्यापास्नं दिवा उशाला ठिवून निजती ती." त्यांना धाप लागली. "मेंढरं राहू देत. मेली तर मरू देत. तिला खाली आण."

मालक काहीतरी म्हणणार होते. मी तोवर गाडीत बसले होते.